पडक्या घरात आईचे जोडवे शोधताना

उत्तर सोलापूर तालुक्यातल्या गावातले आमचे माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छपराचे घर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात तडकले आणि पुढच्या काही पावसाळ्यांत खाली बसले. चुलते तो ढिगारा हलवून तिथे गोठा बांधणार असल्याचे कळले, तेव्हा आईचे त्या घरात हरवलेले चांदीचे जोडवे एकदा मेटल डिटेक्टरने शोधून पाहावे असे मी ठरवले.

पहिले काम कागदाचे होते. जागा सामाईक असल्यामुळे सर्व चुलत्यांची लेखी संमती घेतली. भारतीय निखात निधी अधिनियम, 1878 नुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. न कळवणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. जागा स्वतःची आहे म्हणून ही जबाबदारी टळत नाही. जोडवे आमच्या ओळखीचे होते, पण अनोळखी काही निघाले तर काय करायचे, हे खोरे हातात घेण्याआधीच सर्वांना माहीत असावे असे मला वाटले.

यंत्र एका मित्राचे होते. नाण्याएवढी वस्तू त्याला फार तर वीतभर खोलीपर्यंत कळते आणि आमचा ढिगारा कंबरभर होता. म्हणून वीतभर थर काढायचा, यंत्र फिरवायचे आणि मगच पुढचा थर काढायचा, असे दोन गडी लावून चार दिवस चालले. आपल्याकडच्या बेसाल्टच्या मातीत लोहखनिज भरपूर असल्याने यंत्र आधी जमिनीशी जुळवून घ्यावे लागते. तबकडी जमिनीवर खालीवर करत आवाज स्थिर होईपर्यंत थांबायचे, ही गोष्ट मी पहिल्या दिवशी घाईने उरकली आणि तो सगळा दिवस खोट्या आवाजांमागे घालवला.

दुसऱ्या दिवशी पाव आण्याचे एक तांब्याचे नाणे निघाले. ते घरातल्याच कोणाचे असणार असे मी धरून चाललो होतो, पण घरातल्या वडीलधाऱ्या अण्णांनी मला थांबवले. "माळवदावरची पांढरी माती आपण जुन्या गढीवरून गाड्या भरून आणायचो," ते म्हणाले. छपराच्या मातीत सापडलेली वस्तू त्या घरातलीच असेल असे धरता येत नाही, ही गोष्ट त्यांच्या त्या एका वाक्यामुळे मला समजली. त्यानंतर मी प्रत्येक वस्तू छपराच्या मातीत सापडली की खालच्या शेणाच्या जमिनीवर, हे वहीत लिहू लागलो. नाणे मात्र घासले नाही, कारण त्यावर चढलेला हिरवट थर खरवडला की खालची अक्षरेही झिजतात.

तिसऱ्या दिवशी जमीन लागली. एका कोपऱ्यात यंत्र सारखे वाजत होते, खणल्यावर मात्र धातूचा तुकडाही मिळत नव्हता. तिथली माती लालसर, भाजलेली होती. आई ओट्यावर बसून पाहत होती, ती म्हणाली, "अरे, चूल होती तिथं." माती वर्षानुवर्षे तापली की तिच्यातल्या लोहाचे गुण बदलतात आणि यंत्र तिलाच धातू समजते. चूल सापडल्यावर आईने उठून हाताने दाखवत बाकीचे घर सांगितले: इथे रांजण, इथे मोरी, आणि भिंतीला लागून जाते. जोडवे दळायला बसली असतानाच पायातून निसटले होते.

जात्याच्या जागी यंत्र गप्प होते. खिळ्यांचा त्रास नको म्हणून मी लोखंडाचे आवाज बंद ठेवले होते, पण लोखंडाशेजारी बारीक चांदी असेल तर त्या मांडणीत तीही दडून जाते. मी सर्व आवाज सुरू केले. जात्याची तळी, म्हणजे खालचा दगड, जागेवरच होती आणि तिच्या मधला लोखंडी खिळा जोरात बोलू लागला. तळी उचलून दूर ठेवली, आसपासचे सात खिळे एकेक करून वेचले, आणि नंतर त्याच जागेवरून यंत्र अगदी सावकाश, दोन्ही दिशांनी फिरवले. खुरप्याच्या दोन हातांनंतर शेणाच्या पापुद्र्याखाली काळे पडलेले, चेपलेले वेढे दिसले.

आईने ते रिठ्याच्या पाण्यात घातले, बोटांनी चोळले आणि वेढ्याच्या टोकाशी सोनाराने ठोकलेली खूण सापडेपर्यंत ती काहीच बोलली नाही.