तुम्ही विचारलंत म्हणून: कुत्रा फिनाईल प्यायला तर?

"आमचा कुत्रा फिनाईल प्यायलाय हो, मीठपाणी पाजून उलटी काढू का?" मी गंगापूर रोडवरच्या एका जनावरांच्या दवाखान्यात फोन घेते. सिडको, पंचवटी, नाशिकरोड, कुठूनही फोन आला तरी प्रश्न हाच. लग्नकार्यातसुद्धा कुणीतरी बाजूला घेऊन विचारतंच.

नका काढू. मीठपाणी तर मुळीच नको. उलटी झाली नाही आणि मीठ पोटातच राहिलं, तर रक्तातलं सोडियम वाढून झटके येतात.

उलटी काढायची की नाही, हे पोटात काय गेलंय त्यावर ठरतं. टॉयलेट क्लिनरमध्ये साधारण १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, तुंबलेला पाइप मोकळा करायच्या पावडरीत कॉस्टिक. ते जाताना अन्ननलिका भाजतं, उलटीत वर येताना पुन्हा भाजतं. रॉकेल, टर्पेंटाइन, फिनाईल यांची भीती वेगळी. उलटी होताना थोडं जरी श्वासनलिकेत गेलं, तरी न्यूमोनिया होऊ शकतो. उंदराच्या विषाची वडी किंवा माणसांच्या गोळ्या खाल्ल्या असतील, तर मात्र उलटीनं जीव वाचू शकतो. पण ती डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन काढायची, आणि तीही शक्यतो पहिल्या दोन तासांत.

मग घरी काय करायचं? कुत्र्याला तिथून हलवा. तोंड ओल्या फडक्यानं पुसा. पायांना, अंगाला लागलं असेल तर भरपूर पाण्यानं धुवा, नाहीतर तो तेही चाटून काढणार. आणि बाटली उचलून निघा. काय प्यायला, किती, केव्हा, वजन किती, हे रिक्षात बसल्यावर फोनवर सांगा. तेवढ्यात इकडे तयारी होते.

बाटलीचा मी इतका आग्रह का धरते ते सांगते. आपल्याकडे दारावर सुटं फिनाईल येतं, ते आपण कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरून घेतो. एक काकू अशीच बाटली घेऊन आल्या. वर लिंबू सरबताचं अर्धं लेबल, आत दुधासारखं पांढरं पाणी. त्यांचा लॅब्राडोर लाळ गाळत होता, ओठ उलटून पाहिला तर आत लालभडक चट्टा. डॉक्टरांना वासावरून अंदाज बांधावा लागला. काकू रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "जबडा धरून वाटीभर दूध घातलं हो मी." त्या दुधाचाच त्याला ठसका लागला होता. तोंडाचा चट्टा लवकर भरला. छातीत गेलेल्या दुधापायी मात्र बरेच दिवस औषधं चालली. त्यांनी मायेनं केलं, हे मला कळतं. म्हणूनच सांगते, दूध, तूप, तेल, काही म्हणजे काही बळजबरीनं घालू नका. बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील, तर पाण्याचा थेंबही नको.

उंदराच्या औषधांत काळी पावडर बहुधा झिंक फॉस्फाइडची असते. पोटातल्या आम्लानं तिचा विषारी वायू होतो. त्यामुळे खायला काही देऊ नका आणि गाडीच्या काचा उघड्या ठेवा, वाटेत उलटी झाली तर तो वायू तुमच्याही नाकात जातो.

आणि ब्रोमॅडिओलोनची, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या उंदराच्या विषाची वडी. ती खाल्लेला कुत्रा दोन-तीन दिवस मजेत खेळतो, जेवतो. पुढे हिरड्यांतून, लघवीतून रक्त, धाप, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या. "वडी खाल्ली, पण काही झालं नाही" असं कुणी म्हणालं की मी म्हणते, आत्ताच्या आत्ता निघा. यावर जीवनसत्त्व के-१ हा खात्रीचा उतारा आहे. तो साधारण तीन ते चार आठवडे द्यावा लागतो, कुत्रा ठणठणीत दिसला म्हणून मध्येच थांबवायचा नाही. शेवटच्या गोळीनंतर दोन दिवसांनी रक्त गोठण्याची तपासणी करायची, ती नीट आली की औषध बंद.