गॅरेजमधला लाकडी ध्वज: पहिल्या पट्टीपासून विक्रीपर्यंत

लाकडी पट्ट्या जोडून केलेला अमेरिकन ध्वज हा इथल्या हौशी सुतारांचा जणू ठरलेला पहिला विक्रीचा माल आहे. ओहायोत कोलंबसजवळ राहणारा मीही त्याच वाटेने गेलो. ध्वज करायला हत्यारे थोडी लागतात, लाकूड कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळते आणि मे महिन्याच्या अखेरच्या मेमोरियल डेपासून १४ जूनच्या फ्लॅग डेवरून ४ जुलैपर्यंत मागणीही हमखास असते. मात्र भिंतीवर बरा दिसणारा ध्वज करणे आणि अनोळखी माणसाने पैसे मोजून न्यावा असा ध्वज करणे यांत बरेच अंतर आहे. ते कसे कापले, हे या प्रकारचे काम सुरू करू पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी लिहीत आहे.

आपल्यापैकी बहुतेकांना लागू पडणारी गोष्ट प्रथम सांगतो. एच-१बी व्हिसावर असताना ज्या कंपनीने व्हिसा काढला तिच्याखेरीज इतरत्र कमाईचे काम करता येत नाही, आणि घरी केलेल्या वस्तू नियमितपणे विकणे हेही कमाईतच मोडते. भारतीयांसाठी ग्रीन कार्डाची रांग किती लांब आहे हे वेगळे सांगायला नको. त्यामुळे कार्ड हाती पडेपर्यंत मी केलेले सारे ध्वज शेजारी, सहकारी आणि मुलांचे शिक्षक यांच्या भिंतींवर भेट म्हणून गेले. त्या काळात हात बसला आणि कोणता ध्वज लोक हॉलमध्ये लावतात व कोणता तळघरात नेऊन ठेवतात, हेही पाहायला मिळाले.

मापे मनाने घेऊ नयेत, कारण ती ठरलेली आहेत. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५९ मध्ये काढलेल्या आदेशात पन्नास ताऱ्यांच्या ध्वजाची सर्व प्रमाणे दिली असून तो ध्वज ४ जुलै १९६० पासून अमलात आला. उंची १ धरली तर लांबी १.९, निळ्या भागाची उंची तेरापैकी सात पट्ट्यांइतकी, त्याची रुंदी ०.७६ आणि ताऱ्याचा व्यास ०.०६१६. इथल्या दुकानात ‘एक बाय दोन’ म्हणून मिळणारी पाइनची पट्टी प्रत्यक्षात पाऊण इंच जाड आणि दीड इंच रुंद असते. अशा तेरा पट्ट्यांची उंची साडेएकोणीस इंच होते, त्यावरून लांबी ३७ इंच आणि निळा भाग साधारण १४.८ बाय १०.५ इंच निघतो. निळ्या भागाशेजारच्या आखूड पट्ट्या २२.२ इंचांच्या होतात, त्यांत चार लाल व तीन पांढऱ्या. खालच्या पूर्ण लांबीच्या सहा पट्ट्यांत तीन पांढऱ्या व तीन लाल. निळ्या भागाच्या लगेच खाली पांढरी पट्टी आली, तर हिशेब बरोबर आहे असे समजावे.

इथे एक गंमत आहे. आठ फुटी पट्टीतून ३७ इंचांचे दोन तुकडे कापले की २२ इंच उरतात, आणि त्यातून करवतीच्या पात्याची जाडी गेली की आखूड पट्टीला तो तुकडा अगदी थोडक्यासाठी अपुरा पडतो. लांबी अर्धा इंच कमी केली, तर पाचऐवजी चार पट्ट्यांत काम भागते, आणि घाऊक ध्वज करणारे अनेक जण तसे करतात. मी करत नाही. वाचतात ते थोडके डॉलर, आणि प्रमाण ठाऊक असणारे गिऱ्हाईक, विशेषतः सैन्यातून निवृत्त झालेले, टेप लावून पाहतात.

लाकूड निवडताना मी दुकानात प्रत्येक पट्टी डोळ्यापुढे धरून तिच्या टोकापासून टोकापर्यंत पाहतो. पट्टी एका बाजूला धनुष्यासारखी वाकलेली असेल, तर क्लॅम्पने ओढून घेता येते. पिळलेली असेल, तर ती तिथेच ठेवून द्यावी. आणलेले लाकूड किमान आठवडाभर घरात पडू द्यावे, कारण ओहायोच्या हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा फार कोरडी होते आणि दमट गोदामातून आलेले पाइन आकसते. साडेएकोणीस इंचांच्या रुंदीत ऋतूंच्या फरकाने पाव इंचापर्यंत हालचाल होऊ शकते. म्हणून ध्वजाच्या पट्ट्यांना काटकोनात मागून लावायच्या आधारपट्ट्यांना गोल भोकांऐवजी लांबट खाचा पाडून त्यांतून स्क्रू घालतो, म्हणजे लाकडाला सरकायला वाव राहतो. ज्यांनी या आधारपट्ट्या गोंद लावून घट्ट चिकटवल्या, त्यांच्या ध्वजांना पुढच्या फेब्रुवारीत भेगा दिसतात.

त्यानंतर जाळण्याचे काम येते. जुनाट, वापरून मुरलेला दिसणारा ध्वज लोकांना आवडतो, आणि ती छटा प्रोपेन वायूवर ज्योत देणाऱ्या टॉर्चने येते. पाइनच्या वार्षिक वलयांत वसंतातली वाढ मऊ आणि नंतरची टणक असते; ज्योत फिरवली की मऊ भाग आधी काळवंडतो, तारेच्या ब्रशने घासल्यावर तो खरवडून निघतो आणि टणक रेषा उठून दिसतात. ज्योत एका जागी थांबू न देता लाकडाच्या रेषांच्या दिशेने नेत राहावी. हे काम मी गॅरेजबाहेर ड्राइव्हवेवर, भुशापासून दूर आणि पाण्याची नळी हाताशी ठेवून करतो. रंग त्यानंतर देतो: लाल पट्ट्यांना लाल स्टेन (लाकडात मुरणारा पातळ रंग), पांढऱ्या पट्ट्या नुसत्या भाजलेल्या, निळ्या भागाला निळा. पाइन स्टेन एकसारखा पीत नाही, जागोजागी डाग धरते; म्हणून रंग सारखा शोषला जावा यासाठी आधी कंडिशनर या द्रावाचा हात द्यावा. प्रत्येक पट्टी सुटी असतानाच रंगवावी, नाहीतर लाल रंग शेजारच्या पांढऱ्यात उतरतो. सांध्याच्या कडा मात्र कोऱ्या ठेवाव्यात, कारण रंगावर गोंद धरत नाही. तेलकट स्टेनच्या चिंध्या बोळा करून कचऱ्यात टाकणे धोक्याचे आहे; तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. त्या बाहेर पसरून वाळवाव्यात. थंडीत गॅरेजचे तापमान ५० अंश फॅरनहाइटच्या खाली गेले, तर पिवळा लाकडी गोंद पांढरट भुकटीसारखा होतो आणि सांधा कच्चा राहतो. म्हणून जानेवारीत चिकटवण्याचे काम मी तळघरात करतो.

खरा वेळ जातो ताऱ्यांत. निळा भाग सात पट्ट्यांचा केला, तर सांधे ताऱ्यांच्या मधून जातात आणि कोरताना तिथे कपचे उडतात, म्हणून मी तो पॉप्लरच्या एकाच रुंद फळीतून काढतो. पॉप्लरची हिरवट झाक निळ्या रंगाखाली दिसत नाही आणि त्यात गाठी कमी असतात. रुंदीचे बारा व उंचीचे दहा समान भाग केले की आत अकरा उभ्या आणि नऊ आडव्या रेषा मिळतात. कोपऱ्यातल्या छेदबिंदूपासून सुरुवात करून एक सोडून एक बिंदू घेत गेले की सहा-पाच, सहा-पाच अशा ओळी पडतात आणि बरोबर पन्नास तारे येतात. ज्यांनी लहानपणी अंगणात ठिपक्यांची रांगोळी पाहिली आहे, त्यांना ही मांडणी समजावून सांगावी लागत नाही.

तारे तीन प्रकारे करता येतात: व्हायनिलचा स्टेन्सिल चिकटवून पांढरा रंग मारणे, संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्राने कोरणे किंवा पटाशीने हाताने कोरणे. स्टेन्सिलने काम तासाभरात होते, पण ध्वज छापील वाटतो. सीएनसी उत्तम, मात्र त्याची किंमत आणि गॅरेजमधली जागा दोन्ही मला परवडण्यासारखे नव्हते. मी पटाशी निवडली. सव्वा इंचाहून थोडा लहान असा तारा आखून घ्यायचा, मध्यापासून पाचही टोकांकडे धारेने सरळ चीर द्यायची, आतल्या पाच कोनांकडेही हलक्या चिरा द्यायच्या, आणि मग कडेकडून त्या चिरांच्या दिशेने तिरका उतार काढायचा. प्रत्येक ताऱ्याला दहा उतार पडतात. लाकडाच्या रेषांविरुद्ध जाणाऱ्या उतारांत पटाशी रुतते, तिथे बाजू बदलून कापावे. दर चार-पाच ताऱ्यांनंतर पटाशी चामड्याच्या पट्ट्यावर घासावी लागते. निळा रंग आधी देऊन मगच कोरले, की आतून कोरे फिकट लाकूड उघडे पडते आणि ताऱ्यांना वेगळा रंग लावायची गरजच राहत नाही.

विक्री सुरू करताना ओहायोचा विक्रेता परवाना आणि जत्रांमध्ये माल मांडण्यासाठी फिरत्या विक्रेत्याचा परवाना, हे दोन्ही काढले. हस्तकलेच्या वस्तूंच्या एट्सी या ऑनलाइन बाजारावरच्या विक्रीचा विक्रीकर ती कंपनी परस्पर गोळा करून भरते. जत्रेत मात्र तो आपणच घ्यायचा आणि भरायचा. नफा वार्षिक करपत्रकात शेड्यूल सी मध्ये दाखवावा लागतो, आणि तो ४०० डॉलरवर गेला की १५.३ टक्के स्वयंरोजगार करही लागू होतो. हे आधी माहीत असेल, तर किंमत ठरवताना डोके ठिकाणावर राहते.

ऑनलाइन विक्रीचे आकडे उघडे करून सांगतो. १४० डॉलरचा ध्वज आणि ४० डॉलर पाठवणी असे १८० डॉलर गिऱ्हाइकाने दिले, तर एट्सीचे ६.५ टक्के पाठवणीसकट पूर्ण रकमेवर, म्हणजे ११.७० डॉलर जातात; पैसे वळते करण्याचे ३ टक्के आणि २५ सेंट मिळून ५.६५, शिवाय नोंदणीचे २० सेंट. बाहेरच्या जाहिरातीवरून गिऱ्हाईक आले, तर छोट्या विक्रेत्याकडून एट्सी आणखी १५ टक्के घेते, म्हणजे २७ डॉलर. पण खरा खड्डा पाठवणीत आहे. ध्वज दहा पौंडांच्या आसपास भरतो, तरी ४० बाय २२ बाय ४ इंचांच्या खोक्याचे वजन कुरियर कंपन्या आकारमानावरून धरतात. घनइंचांना १३९ ने भागले की ते २५ पौंडांच्या वर जाते, आणि ३० इंचांहून लांब खोक्याला टपाल खातेही वेगळा अधिभार लावते. एवढे करूनही एक ध्वज कोपरा फुटून पोहोचला. कुरियरवाल्यांनी पॅकिंग अपुरे असल्याचे कारण देऊन भरपाई नाकारली, आणि मी नवीन ध्वज पदरमोड करून पाठवला.

जत्रेतला अनुभव याच्या नेमका उलट आहे. लोक ध्वजासमोर थांबतात, ताऱ्यांवरून बोट फिरवतात आणि भाव करण्याऐवजी कसा केला ते विचारतात. तिथेच मला कळले की हाताने कोरलेल्या ताऱ्यांसाठी लोक जास्तीचे साठ डॉलर सहज देतात, जे पडद्यावरच्या फोटोवरून देत नाहीत. एका वृद्ध माजी सैनिकांना दारालगतच्या अरुंद भिंतीवर ध्वज उभा लावायचा होता. उभा लावतानाही निळा भाग पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला वरच हवा, असे अमेरिकेच्या ध्वजसंहितेत सांगितले आहे, आणि आडवा ध्वज नुसता फिरवला तर तो उजव्या हाताला किंवा खाली जातो. कापडी ध्वजाची दुसरी बाजू पुढे करता येते, लाकडी ध्वजाला ती सोय नाही. म्हणून त्यांच्यासाठी आरशातल्यासारखी उलटी मांडणी करून वेगळा ध्वज घडवला. आता ऑर्डर घेतानाच ‘आडवा की उभा’ हा माझा पहिला प्रश्न असतो.

संहितेला दंडाची धार नाही, पण ज्यांच्या घरी हा ध्वज जातो त्यांना ती पाठ असते. ध्वजावर अक्षर, चिन्ह वा आकृती नसावी असेही ती सांगते, आणि नेमके तेच लोक मागतात: नाव, पलटण, अग्निशमन दलाचा बिल्ला. मी हे लेखन पितळी पट्टीवर करून ती ध्वजाच्या खाली वेगळी लावतो. बहुतेकांना ते पटते. सैन्यदलांची बोधचिन्हे तर परवान्याशिवाय विकताच येत नाहीत. ओहायोचा स्वतःचा ध्वज मात्र आनंदाने करतो. सगळ्या राज्यांत तो एकटाच आयताकृती नसून दुशेपटी आहे आणि त्या तिरक्या कडा कापण्यात वेगळी मजा आहे.

मराठी मंडळातल्या एका काकांनी तिरंगाही असाच भाजलेल्या लाकडाचा करून मागितला. भारताच्या १९७१ च्या राष्ट्रीय सन्मानाविषयीच्या कायद्यात कोणत्याही पदार्थावर वा पदार्थाची केलेली प्रतिकृतीही ध्वजच धरली आहे आणि ध्वज जाळणे हा त्यात गुन्हा आहे. तो कायदा ओहायोत चालत नसला, तरी तिरंग्याच्या पट्ट्यांवर ज्योत फिरवायला माझा हात धजेना. काकांना तीनास दोन प्रमाणाचा, चोवीस आऱ्यांचे चक्र कोरलेला, स्वच्छ रंगाचा तिरंगा करून दिला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

सध्या ३७ इंची ध्वज मी फक्त इथून येऊन नेणाऱ्यांना आणि जत्रेतच विकतो. टपालाने केवळ बारा इंची उंचीचे पाठवतो, ज्यांची लांबी तेवीस इंचांच्या आत राहते. नोव्हेंबरच्या व्हेटरन्स डेसाठीच्या ऑर्डरी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत घेतो, कारण त्यानंतर गॅरेज थंड पडते आणि स्टेन वाळायला दुप्पट वेळ घेतो.