मंगळवार, चर्चचा हॉल आणि किटलीची पिशवी

इकडे इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमध्ये येऊन तीन वर्षं होत आली आणि घरच्यांशी फोनवर बोलताना मी हमखास ज्याबद्दल बोलते ते म्हणजे आमच्या गावातल्या चर्चच्या हॉलमध्ये मंगळवारी चालणारी, गरजूंना फुकट खाण्याचं सामान देणारी फूड बँक. मी ख्रिश्चन नाही. शेजारच्या आजी म्हणाल्या खोकी उचलायला हात कमी पडतायत, येतेस का, म्हणून गेले आणि तेव्हापासून जातेच आहे.

पद्धत साधी आहे. डॉक्टर, शाळा नाहीतर सल्ला केंद्रातली माणसं गरज बघून वाउचर देतात, ते घेऊन यायचं आणि साधारण तीन दिवस पुरेल एवढं सामान न्यायचं. पण आल्या आल्या कोणी पिशवी हातात देत नाही, आधी बसवतात, चहा देतात, गप्पा मारतात, आणि मला सुरुवातीला वाटायचं की यात उगीच वेळ जातोय, बाहेर लोक थांबलेत.

मग एकदा एका माणसाची पिशवी मी भराभर भरली, पास्ता, तांदूळ, टोमॅटोचे डबे, सगळं यादीप्रमाणे. आजींनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, त्याच्याकडे शिजवायला काही आहे का ते विचारलंस? मी विचारलंच नव्हतं. तो एका खोलीत राहायचा आणि त्याच्याकडे फक्त पाणी तापवायची किटली होती. आजींनी सगळं बाहेर काढून दुसरी पिशवी भरली, त्यात गरम पाणी ओतलं की होणारं सूप, नूडल्स, आणि डबे सगळे वरची कडी ओढून उघडणारे, कारण कॅन ओपनर तरी असेल कशावरून. त्या दिवशी मला इतकी लाज वाटली ना! आणि चहा कशासाठी असतो तेही कळलं, चहा पिताना माणूस जे सांगतो ते फॉर्मवर कुठे लिहिलेलं असतं?

नंतर पाद्रीबाईंनी मला बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातली गोष्ट सांगितली. जेरुसलेमच्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत लोक जमिनी विकून पैसे आणून द्यायचे, ज्याला जशी गरज तसं वाटायचे, तरी ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटपातून राहून जायच्या. तक्रार आली तेव्हा प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांनी, तक्रार करणाऱ्यांना गप्प नाही केलं, फक्त याच कामासाठी सात माणसं निवडायला लावली. मला ही गोष्ट फार आवडते. मन कितीही मोठं असलं तरी कोण राहिलं हे बघायला कोणीतरी नेमावंच लागतं.

इथली ट्रसेल ही फूड बँकांची सगळ्यात मोठी संस्था, १९९७ मध्ये सॉल्झबरीच्या एका ख्रिश्चन जोडप्यानं आईकडून वारशात आलेल्या पैशातून सुरू केली, आधी बल्गेरियातल्या रस्त्यावरच्या मुलांसाठी. मग त्यांच्याच गावातल्या एका आईचा फोन आला की माझी मुलं उपाशी झोपणारेत, आणि २००० मध्ये पहिली फूड बँक उघडली. २०२३-२४ या एका वर्षात त्यांनी ३१ लाखांवर पार्सलं दिली. ब्रिटनसारख्या श्रीमंत देशात! हा आकडा वाचून मला अजून राग येतो.

आणि एक सांगायचंच आहे. आमच्याच जिल्ह्यात वाँटेज आहे, जिथे १८८३ मध्ये पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मठातल्या सिस्टर्सनी त्यांना लंडनला फुलहॅममधलं काम बघायला पाठवलं होतं, समाजानं टाकलेल्या बायकांना त्या सिस्टर्स मायेनं सांभाळत होत्या आणि ते बघून रमाबाई आतून हलल्या असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या, त्यातून केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. मी वाँटेजला गेले तेव्हा नुसती तिथल्या रस्त्यांवरून चालत राहिले, डोळे भरून आले.

आता मी पिशवीला हात लावायच्या आधी चहाच्या टेबलावर जाऊन बसते. परवा एका मुलीनं दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलून मग खालच्या आवाजात विचारलं, बाळाचे डायपर मिळतील का. तिच्या बाळाच्या मापाचे संपले होते. ह्या मंगळवारी येताना दोन पाकिटं घेऊन ये म्हणून आजींनी मला कालच मेसेज केलाय.