तुम्ही विचारलंत म्हणून : त्या डोंगरात मी किती झाडं लावली

एकही नाही.

लग्नात, बँकेत, एसटीत कुणी ना कुणी विचारतंच, "कातळाच्या सड्याखालचं ते रान तुम्हीच उठवलंत ना? रोपं कुठून आणलीत?" मी "एकही लावलं नाही" म्हटलं की लोकांना तो विनय वाटतो. गावातल्यांचा प्रश्न वेगळा : "जागा पडीक का टाकलीस? काजू लाव की!" दोघांचाही समज एकच, की माणसाने खड्डा खणल्याशिवाय झाड येत नाही.

ऐन-किंजळाची झाडं तोडली तरी मुळं जिवंत असतात. पहिल्या पावसात खुंटाच्या कडेने फुटव्यांचा झुबका येतो. मुळं आधीच खोल गेलेली, त्यामुळे नर्सरीतलं रोप गुडघ्याला लागेपर्यंत फुटवा डोक्यावरून जातो. मधल्या जागेत रानमोडी, दिंडा अशी झुडपं माजतात, करवंदीच्या जाळ्या होतात. त्या जाळीत गुरांचं तोंड पोचत नाही, म्हणून वटवाघळांनी आणि उदमांजरांनी टाकलेल्या जांभळाच्या बिया तिथे निवांत वाढतात. मी काय केलं? गवत वाळलं की कडेने पट्टा साफ करून घेतला, वणवा आत येऊ नये म्हणून. आणि गुरांवरून अर्ध्या वाडीशी भांडले. रोप लावतानाचा फोटो निघतो, भांडणाचा कोण काढणार?

आता त्याआधीच्या तोडीचं. तेही विचारता, फक्त माझ्या पाठीमागे.

सातबारा सामायिक, पाच घरांची नावं. काकांच्या ऑपरेशनला पैसे हवे होते. सगळ्यांनी सह्या केल्या, मीही केली. ऐन आणि किंजळ दोन्ही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, त्यामुळे परवानगी रीतसर काढली होती. ज्यांना मला ऐकवायचंय त्यांनी आधी हॉस्पिटलचं बिल बघावं. मी एवढंच म्हटलं होतं, की वहाळाकडचा, म्हणजे ओढ्याकडचा, बेहडा ठेवा. त्याच्या ढोलीत दरवर्षी ककणेर, म्हणजे धनेश पक्षी, बसायचा. मुकादमाने "ठेवतो ताई" म्हणत बुंध्याला चुन्याचा पट्टा ओढला. काका हसले, "बाय, त्या लाकडाला गिऱ्हाईक तरी हाय काय?"

शिमग्याच्या आधी करवतीचा आवाज वहाळाकडून यायला लागला. मी पोचले तेव्हा बेहडा आडवा होता. ढोलीचं तोंड विष्ठेने आणि मातीने लिंपलेलं, चोचीपुरती फट तेवढी उघडी. आत मादी. ती स्वतःला कोंडून घेते तेव्हा पंखांची मोठी पिसं गाळते, उडणार कुठून? पडताना लिंपण फुटलं होतं. एका पोराने तिला गोणपाटात घेतलं. ती त्याच्या बोटाला चोच मारत होती, मग मारेनाशी झाली. संध्याकाळपर्यंत टिकली नाही. मुकादम म्हणाला, माणसं बदलली, नव्यांना चुना कशाचा ते कळलं नाही. लाकूड ट्रकात भरलंच नाही. तिथेच कुजलं.

सगळा डोंगर फुटला, तो खुंट फुटला नाही. इतक्या जुन्या, जाड खुंटात ती ताकद उरत नाही.

पुतण्या मला 'सायन्स' या नियतकालिकातल्या २०२१ च्या अभ्यासाची बातमी पाठवतो : सोडून दिलेल्या जमिनीवर २० वर्षांत जुन्या जंगलाचे गुण सरासरी ७८ टक्के परत. ती जमीन अमेरिका खंडातली आणि पश्चिम आफ्रिकेतली, पण ते सोडा. त्यातच पुढे आहे, की माती दहा वर्षांच्या आत सुधारते आणि मूळची प्रजातींची जुळणी परत यायला १२० वर्षांहून जास्त लागतात. हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

पूर्वी मी शाळांमधून सांगत फिरायचे, "हात लावू नका, रान आपोआप येतं." ती बाई खोटं बोलत नव्हती. रान आलंच आहे. पण मोठी फळं गिळून बिया लांब नेणारा ककणेर फिरकत नसेल, तर उद्याच्या रानात ऐन-किंजळाशिवाय काय असेल? मग बेहडा मी लावायचा का? तो मोठा होऊन ढोली धरेपर्यंत सातबाऱ्यावर कुणाची नावं असतील?

फुटवे आता मांडीएवढे जाड झालेत. दिवाळीनंतर ठेकेदार येऊन बघून गेला. आत्येभावाच्या मुलीची फी भरायची आहे, आणि त्याची गरज खरी आहे. माझी सही अजून व्हायची आहे. होईल का, ते मात्र विचारू नका.