हौदावरचा फेस

श्रावणी सोमवारला लागून आलेल्या शनिवार-रविवारी त्र्यंबकला जाऊ नये. कुशावर्तावरची रेटारेटी आणि गाडी लावण्यावरून झालेली भांडणं एवढ्यावरच संपवतो. लिहायचंय ते अंजनेरीच्या पायथ्याशी जिथे मुक्काम केला, तिथल्या हौदाबद्दल.

घर साधं. पडवीत खाटा, जेवायला नागलीची भाकरी नि ठेचा. मागे न्हाणीघर, शेजारी सिमेंटचा हौद, त्यावर झुकलेली जांभळाची फांदी. जेवण उरकलं आणि तिकडून टक् टक् टक् सुरू झालं. बॅटरी घेऊन गेलो तर फांदीवर झाडबेडकांची जोडी. मादी चांगली बोटभर, तपकिरी-पिवळसर, मांड्यांच्या मागे पिवळे ठिपके. तिच्या पाठीला घट्ट बिलगलेला नर बराच लहान. बोटांच्या टोकांच्या चकत्या पानाला चिकटलेल्या. मादी अंगातून निघालेला चिकट स्राव मागच्या पायांनी घुसळत होती, आणि ताकावर लोणी यावं तसा पांढरा फेस चढत होता. अंडी त्या फेसातच. डास चावत होते, तरी हलवेना.

हा फेस वरून वाळतो, आतली ओल टिकते. अंडी पाण्याबाहेर राहिल्याने मासे आणि पाणकिड्यांपासून वाचतात. पिल्लं फुटली की फेस सैल होतो आणि ती खाली टपाटप पाण्यात पडतात. फांदी नेमकी हौदावर का, ते तेव्हा कळतं. आणि आपले निसर्गप्रेमी झाडबेडूक बघायला थेट आंबोली गाठतात! तिथला हिरवागार, तरंगत झेप घेणारा बेडूक देखणा आहे, मान्य. पण हा साधा गडी आपल्या न्हाणीघरात येतो, त्याचं कुणाला कौतुक नाही.

सकाळी शेजारच्या खोलीतले पाहुणे ओरडले, "मावशी, हौदावर घाण लोंबतेय. तोडून टाका ती फांदी, आणि पाण्यात फिनेल ओता!"

"घाण नाही दादा, बेडकाची अंडी आहेत. पाऊसभर आम्ही त्या फांदीला हात लावत नाही."

बेडूक कातडीतूनच पाणी पितो, श्वासही बराचसा कातडीतूनच घेतो. फिनेल ओतलं असतं तर पिल्लंच काय, हौदाकाठची मोठी मंडळीही गेली असती. मावशींनी वाद न घालता पिंपातलं पाणी तापवून दिलं. निघताना पाहुण्यांनी 'गैरसोय झाली' म्हणून पैसे कमी करायला लावले. मावशींनी पन्नासची नोट परत केली, आणि त्यांनी ती घेतलीसुद्धा.