तिच्या हनुवटीतला गंधार

जानेवारीतला रविवार. नऊ वाजून गेले तरी पंचवटीतली थंडी हलायला तयार नव्हती. माझ्या बासरीच्या वर्गातल्या सतरंजीवर राखाडी रंगाचा पीव्हीसी पाइप पडला होता, दोन्ही तोंडांना बूच आणि वरून चिकटपट्टी. कुरियरने बासऱ्या अशाच येतात. नुसत्या खोक्यात घातल्या तर वाटेतच तडकायच्या. आत चार बासऱ्या होत्या. ओळखीच्या कारागिराने विश्वासावर पाठवल्या होत्या. एक ठेवा, तीन परत करा, अशी बोली.

ज्या मुलीसाठी त्या मागवल्या ती चौदा वर्षांची. दिंडोरी तालुक्यातून दर रविवारी वडिलांच्या मागे मोटरसायकलवर बसून येते. घरी द्राक्षाची बाग, थोडा टोमॅटो. २०२१ मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा तिने शिकायला सुरुवात केली, तीही फोनवर. हातात गोदाघाटावरून साडेतीनशे रुपयांना घेतलेली पांढरी एकची, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीच्या सुरातली बासरी, जेमतेम अठरा-एकोणीस इंचांची. त्याच बासरीवर तिने प्रारंभिक दिली, दोन्ही प्रवेशिका दिल्या. आता मध्यमा प्रथम. पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांच्या शिष्यांनी १९३१ साली जे मंडळ स्थापन केलं, त्याची ही परीक्षा. पलुस्करांचा आश्रम याच पंचवटीत होता, आणि इथून कुणी मध्यमेला बसलं की मला उगीचच जास्त काळजी वाटते.

मध्यमेला आलाप मागतात. छोट्या बासरीवर आलाप भरत नाही. मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात उतरलं की आवाज पातळ होतो, मींडीला, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायला, जागा मिळत नाही. म्हणून मोठी बासरी घ्यायची हे आमचं दिवाळीतच ठरलं होतं. किती मोठी, एवढंच ठरायचं होतं.

वडिलांचं मत पक्कं होतं. "ताई, ती लांबवालीच घेऊ. हरिप्रसादजी वाजवतात ती. एकदाच काय ते पैसे जाऊ द्या."

त्यांचं चूक नव्हतं. मैफिलीची बासरी म्हणजे तीस इंचांच्या आसपासची, हे बासरीवादक पन्नालाल घोषांपासून ठरून गेलंय. पोराटोरांच्या हातातलं वाद्य ख्यालाला लावायचं तर त्याला खर्ज, खालचा भरदार सूर हवा, हे त्यांनी ओळखलं आणि लांब बासरी घडवून घेतली. पण ती वाजवणारे हात मोठ्या माणसांचे. माझा स्वतःचा हात लहान आहे. पंधराव्या वर्षी मला थेट पांढरी तीन दिली होती, आणि उजव्या हाताच्या अनामिकेचं दुखणं मी पुढे दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर बासरी काढून घेतील ही भीती. त्यामुळे मी मागवताना दोन मागवल्या पांढरी तीनच्या आणि दोन पांढरी पाचच्या, चोवीस-पंचवीस इंची.

बासऱ्या बाहेर काढल्या. वडिलांनी फोनवर सूर मोजणारा ट्यूनर घेऊन ठेवला होता. मी एकेकीवर षड्ज, म्हणजे सा, लावला आणि त्यांचा चेहरा पडला. काटा सगळ्यांवर डावीकडे. "चारही उतरलेल्या आहेत, ताई."

त्यांना म्हटलं, भाऊ, रात्रभर कुरियरच्या गोदामात पडून आल्यात त्या. हवा गार असली की आतला सूर उतरतो; एका अंशाला साधारण तीन सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातले तीन. कारागिराने पंचवीस-सव्वीस अंशांत सूर लावला असेल आणि आज इथे बारा-तेरा अंश असतील, तर चाळीस सेंटचा फरक असाच पडणार. बासऱ्या शालीत गुंडाळून ठेवल्या. उन्हात ठेवायच्या नाहीत, एकदम तापल्या की चीर जाते.

हे त्यांना लगेच पटलं. "आमच्याकडे मणी तडकतात ना थंडीनं. रात्री बागेत शेकोट्या पेटवतो आम्ही." मग ते शालीवर हात ठेवून बसले, जणू बागच राखतायत.

अर्ध्या तासाने पुन्हा काढल्या. पांढरी तीनच्या दोन्ही बासऱ्या तिने धरल्या. डावा हात बसला. उजव्या हाताची बोटं पेरांवर आडवी टाकूनही शेवटच्या छिद्राशी फट राहत होती. सहाही छिद्रं बंद झाल्याशिवाय पंचम, म्हणजे प, बोलत नाही. कुठेतरी केसाएवढी जागा राहिली तरी फुसकारा येतो. तिने चारदा फुंकर मारली, चारदा फुसकारा. पाचव्यांदा पंचम आला, पण मनगट वाकडं करून. मी बासरी काढून घेतली. वडील काही बोलले नाहीत. मुलीने मात्र माझ्याकडे असं पाहिलं की मला माझं पंधरावं वर्ष आठवलं. तिला म्हटलं, ही तुझीच आहे, दोन वर्षांनी. कुठे जात नाही.

राहिल्या पांढरी पाचच्या दोन. त्यातली एक मला पाहताक्षणी आवडली. पातळ भिंतीचा, मधाच्या रंगाचा आसामी बांबू, फुंकरीबरोबर आवाज. मी मनात तिच्यावर शिक्काच मारला होता. वडिलांनी ती घेतली, नखाने टिचकी मारली, वळवून पाहिली आणि तळहातावर हलकेच आपटली. हातावर चिमूटभर पिवळसर भुकटी पडली. पिठासारखी.

"ताई, हिला कीड आहे."

दोऱ्याच्या गुंडाळीच्या अगदी कडेला टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं. वीस वर्षं मी बासऱ्या हाताळतेय. सूर पाहते, फुंकर पाहते, चीर पाहते. हे भोक माझ्या नजरेतून सुटलं असतं. टोमॅटोच्या मांडवाला दर हंगामात शेकडो बांबू लावणाऱ्या माणसाच्या नजरेतून ते सुटलं नाही. "रसात असताना तोडलेला बांबू. त्यात गोडी राहते, ती खायला येतात हे." मी कारागिराला फोन लावला. ते क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, ती आधी बाजूला काढा, दुसऱ्यांच्या शेजारी ठेवू नका.

म्हणजे एकच उरली. जाड भिंतीची, दिसायला साधी, रंगाने फिकी. मी मंद्र पंचमापासून तार पंचमापर्यंत वाजवली. मध्य आणि तार षड्ज एकमेकांत नीट बसत होते, वरचा पंचम न ओरडता आला. फुंकर थोडी जास्त मागत होती, पण ते सवयीचं काम. चांगली बासरी होती.

मग ती वाजवायला बसली. भूप राग. आणि गंधार, म्हणजे ग, उतरला.

पहिल्यांदा वाटलं, नवीन आहे, हात बसायचाय. दुसऱ्यांदाही उतरला. तिसऱ्यांदाही. रे बरोबर, प बरोबर, ध बरोबर, आणि भूपाचा जो वादी, मुख्य सूर, तोच गंधार दर वेळी तेवढाच खाली. तीसेक सेंट. वडील म्हणाले, "ताई, राग मानू नका, पण जुनीच गोड वाजते."

मी नवी बासरी घेऊन गंधार लावला. सुरात होता. तिने लावला. उतरला. मी लावला. सुरात.

"तुझी जुनी दे बरं."

इथे एक सांगायला हवं. करोनानंतर मी विद्यार्थ्यांच्या बासरीला ओठ लावणं सोडलं होतं. आधी मुलांची बासरी घेऊन पटकन चार सूर वाजवून द्यायचे; ती सवय गेली ती गेलीच. साडेतीन वर्षांत या मुलीची बासरी मी एकदाही वाजवली नव्हती. तोंडाचं छिद्र पुसून घेतलं आणि फुंकलं. षड्ज ठीक. रिषभ ठीक. गंधार असा चढा की मी चमकून बासरी खाली घेतली. वरून दुसरं छिद्र जागेपेक्षा वर पाडलेलं होतं. खेळण्यासारख्या विकतात त्या बासऱ्यांत असं चालतंच.

तिला म्हटलं, याच जुन्या बासरीवर पुन्हा वाजव. आणि या वेळी मी समोर न बसता बाजूला बसले.

गंधार आला की तिची हनुवटी किंचित खाली जायची. बासरी जराशी आत वळायची, ओठ छिद्रावर थोडा जास्त यायचा, आणि तो चढा गंधार नेमका तेवढा उतरून जागेवर बसायचा. पुढचा सूर येईपर्यंत हनुवटी परत वर. संथ आलापात असं, द्रुत तानेतही असंच.

ही हनुवटी मी साडेतीन वर्षं पाहत होते. मी त्याला भाव समजत होते. दोनदा तर इतर मुलांना सांगितलंही होतं, बघा, गंधारावर ती कशी झुकते.

तिला समजावून सांगितलं. तिचे डोळे भरून आले. "म्हणजे सर्व परीक्षा मी बेसूर वाजवल्या, ताई?"

"नाही गं बाळा. बेसूर बासरी होती. तू सुरात वाजवत होतीस."

तिला पटायला वेळ लागला. वडिलांना आधी पटलं. ते उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

तानपुरा काढला. माझा मिरजेचा तानपुरा पांढरी पाचलाच असतो. जुन्या बासरीसाठी आम्ही फोनवरचा लावायचो, त्यात तारा वाजतात पण खर्जाच्या पोटातलं काही ऐकू येत नाही. जवारी, म्हणजे तारांचा झंकार, नीट केली, तारा मिळवल्या. तिला म्हटलं, वाजवू नकोस, फक्त ऐक. खर्ज छेडला की थोड्या वेळाने त्याच्यातून एक सूर आपोआप उमटतो, कुणी न छेडता. सापडला की सांग.

दोन मिनिटं गेली. "ग," ती म्हणाली. "आतून ग येतोय."

"आता त्याच्यावर तुझा ठेव. आणि हनुवटी भिंतीला खिळली आहे असं समज."

पहिल्या पाच-सहा प्रयत्नांत हनुवटी जातच होती. मी बोटाने हलकेच वर धरली. मग एकदा ती स्थिर राहिली, आणि तानपुऱ्यातला गंधार व तिचा गंधार यांच्यात जी लाट ऐकू येत होती ती हळूहळू लांबत गेली आणि थांबली. वडील फोन घेऊन पुढे आले. ट्यूनर अजूनही चौदा सेंट खाली दाखवत होता. "हा तर कमी दाखवतोय, ताई."

मी सांगितलं, तो यंत्राचा गंधार. हार्मोनियमसारखे सगळे अर्धस्वर सारख्या अंतरावर धरून चालतो. खर्जातून निघणारा शुद्ध गंधार त्याहून साधारण चौदा सेंटच खाली असतो. तुमच्या मुलीचा बरोबर आहे. त्यांनी ट्यूनर बंद केला आणि फोन खिशात टाकला.

बासरी साडेतीन हजारांची. वडिलांनी पैसे मोजले, मफलर काढून बासरी त्यात गुंडाळली आणि पाइपात सरकवली. तिला बजावलं, महिनाभर रोज अर्धा तास फक्त सा आणि ग, आरशासमोर. आत तिळाचं तेल महिन्यातून एकदा, कापडाने, थेंबभर. आणि जुनी बासरी या महिन्यात हातात घ्यायची नाही. ती जरा घुटमळली आणि म्हणाली, "मग ती तुमच्याकडेच ठेवा. घरी असली तर मी वाजवेन."

दुपारी जेवण झाल्यावर मी ती साडेतीनशेची बासरी घेऊन बसले. तिचीच भूपातली एक साधी तान, ग प ध सां, सां ध प ग रे सा. मध्य लयीत गंधार दर वेळी चढाच लागला. हनुवटी खाली घेतली की पंचम उतरायचा, पंचम सांभाळला की गंधार सुटायचा. लय कमी केली. दिवेलागणीपर्यंत बसले होते. दोनदा जमलं.