जिन्यातला दिवा

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिण्याचे निमंत्रण हाती पडले आणि सर्वप्रथम आठवला तो मधल्या जिन्यातला दिवा. तो खालच्या बटणाने लावून वरच्या बटणाने विझवता येई, हे साऱ्यांनाच ठाऊक होते; मला मात्र १९८३ साली, आठवीत असताना, त्याचे कोडे पडले. मधल्या सुट्टीत मी वर-खाली धावत बटणे दाबत होतो, तेव्हा शिपाईमामांनी बखोट धरून मला विज्ञानाच्या सरांसमोर उभे केले. (कोणते सर, हे त्या काळच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको.) सरांनी एवढेच विचारले, "नुसता खेळतोयस, की बघतोयस?"

बघतोय म्हटल्यावर त्यांनी बटणांच्या सगळ्या स्थिती वहीत मांडून आणायला सांगितले. चार ओळी झाल्या: दोन्ही बटणे सारखी असली की दिवा बंद, वेगळी असली की चालू. सरांनी बरोबरची खूण न करता खाली लाल शाईने लिहिले, "पाचवी ओळ का नाही?" दुसऱ्या दिवशी मी 'दोन दुणे चार' हे उत्तर घेऊन गेलो, तर म्हणाले, "मग बटणे दहा असती तर?" त्या संध्याकाळी गंगावेशीतल्या घरापर्यंत मी मनातल्या मनात दुपटी करत चाललो आणि दारात पोहोचेपर्यंत १,०२४ वर आलो.

पुढे अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षी फळ्यावर 'एक्सॉर'चा, म्हणजे 'दोहोंपैकी नेमके एकच' या तर्कक्रियेचा, तक्ता पाहिला, तो माझ्या वहीतलाच होता. संगणक दोन बिटांची, म्हणजे ० किंवा १ या अंकांची, बेरीज करतो तेव्हा जागेवर राहणारा अंक हाच तक्ता देतो, हातचा तेवढा 'अँड'कडून, म्हणजे 'दोन्ही असतील तरच' या क्रियेकडून येतो. गणितज्ञ जॉर्ज बूल यांचे तर्काचे बीजगणित विजेच्या स्विचांना लागू पडते, हे क्लॉड शॅनन यांनी १९३७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रसंस्थेतील प्रबंधात दाखवले होते. पण माझ्या आयुष्यात शॅनन सरांच्या नंतर आले, हे नमूद केलेच पाहिजे.

गेली तीस वर्षे मी पुण्यात चिपच्या आराखड्यांची तपासणी करतो. ३२ बिटांच्या दोन संख्यांच्या साध्या बेरजेच्याच ओळी दोनाच्या चौसष्टाव्या घाताइतक्या होतात. त्या सगळ्या मांडणे अशक्य, म्हणून न मांडलेल्या ओळींत चूक कुठे दडली असेल, हे ओळखण्याचाच मला पगार मिळतो. हे सरांना सांगायचे राहून गेले.

गेल्या दिवाळीत शाळेत डोकावलो, तर जिन्यात चाहूल लागताच आपोआप लागणारा दिवा बसवलेला दिसला. सोय झाली, विजेची बचतही झाली असेल. बटणे काढली त्या दोन्ही जागी भिंतीला सिमेंटची ठिगळे होती, आणि मी उगाचच वरच्या ठिगळापर्यंत जाऊन आलो.